हाताने पाहावयाचे संग्रहालय

मराठीतील ‘पाहणे’ हे क्रियापद केवळ डोळ्यांच्या मालकीचे नाही. वैद्य नाडी पाहतो, ती बोटांनी. आमटीत मीठ बेताचे पडले आहे की नाही हे चाखून पाहतात, नारळात पाणी आहे की नाही हे कानाशी हलवून पाहतात, आणि लेकराला ताप आहे की काय हे कपाळावर हात ठेवून पाहतात. तमिळ भाषेचीही रीत अशीच आहे. ‘तोट्टुप् पार्’, म्हणजे हात लावून पाहा, असे तेथे सहज म्हटले जाते. वस्तुसंग्रहालयाच्या दारातून आत पाऊल टाकले की मात्र या क्रियापदाचा अर्थ एकाएकी आक्रसतो. तेथे पाहणे म्हणजे काचेपलीकडील वस्तूकडे अंतर राखून डोळ्यांनी पाहणे. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी डोळस प्रेक्षकाला शिस्तीची एक किरकोळ सूचना वाटते. ज्याला दिसत नाही त्याच्यापुरते त्या पाटीने संग्रहालयाचे दारच बंद होते. शिवाय ती पाटी त्याला वाचता येत नाही; कोणी त्याचा हात मागे ओढतो तेव्हा ती त्याला कळते.

हे दार कितपत उघडता येईल, आणि ते उघडताना शतकानुशतके जपलेल्या वस्तूंना धोका पोहोचणार नाही याची काळजी कशी घ्यावी, हा या लेखाचा विषय आहे. अशा प्रश्नाची चर्चा मोघमपणे करण्यात अर्थ नसतो. म्हणून एक विशिष्ट संग्रहालय समोर ठेवून तिचा विचार करणे सोयीचे होईल.

चेन्नईतील एग्मोर भागात, पँथिऑन रस्त्यावर, तेथील शासकीय संग्रहालय आहे. शहराचे नाव मद्रास होते त्या काळात, १८५१ साली, त्याची स्थापना झाली. कलकत्त्याच्या संग्रहालयानंतर भारतातील जुन्या संग्रहालयांत त्याचाच क्रम लागतो. एडवर्ड बाल्फोर नावाचे शल्यवैद्य त्याचे पहिले प्रमुख. मद्रास लिटररी सोसायटीने दिलेल्या दगड-खनिजांच्या नमुन्यांपासून आरंभ झालेल्या या संग्रहात आज अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे आहेत, प्रागैतिहासिक मानवाची दगडी हत्यारे आहेत आणि ज्यांसाठी जगभरचे अभ्यासक येतात ती चोळकालीन धातुशिल्पे आहेत. त्याच एग्मोर भागात १८१९ साली स्थापन झालेले सरकारी नेत्ररुग्णालय आहे. जगातील अगदी जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. (याच सुमारास तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारी नेत्ररुग्णांच्या उपचारांची टिपणे ठेवली जात होती, हे मराठी वाचकाला येथे सांगण्याजोगे आहे.) दृष्टी वाचवण्याची आशा धरून दूरदूरच्या गावांतून माणसे एग्मोरला येत आली आहेत. त्यांतील काहींची दृष्टी वाचत नाही. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या अशा माणसाला त्याच भागातील संग्रहालयाने काय द्यावे, असा हा प्रश्न आहे.

हात लावू न देण्याची पद्धत सनातन आहे असा आपला समज असतो. तो खरा नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपात संग्रह पाहायला आलेला पाहुणा वस्तू हातात घेई, उलटून पाही, तिचे वजन अजमावी. झकारियास कोनराड फॉन उफेनबाख हा जर्मन प्रवासी १७१० साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गेला, तेव्हा सामान्य लोक इकडेतिकडे धावत जे दिसेल ते हातात घेतात, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली. त्याच शतकातील दुसरे एक उदाहरण अधिक बोलके आहे. केंब्रिज येथील गणिताचे प्राध्यापक निकोलस सॉन्डरसन हे अगदी तान्हेपणी देवीच्या रोगाने अंध झाले होते. ज्या बनावट रोमन पदकांनी चांगल्या दृष्टीचे जाणकार फसत, ती पदके सॉन्डरसन बोटांनी चाचपून वेगळी काढीत, असे फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी १७४९ साली अंधांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात नमूद केले आहे. पुढे प्रेक्षकांची संख्या वाढली, संग्रह खाजगी दिवाणखान्यांतून सार्वजनिक इमारतींत आले आणि वस्तू व माणूस यांच्यामध्ये काच आली. तिचे कारण वाजवी होते. तोटा कोणाचा झाला याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

मद्रासच्या संग्रहालयाच्या इतिहासात या संदर्भात एक विलक्षण विसंगती आढळते. १८८५ ते १९०८ या काळात अधीक्षक असलेले एडगर थर्स्टन हे दक्षिण भारतातील जातिजमातींचे अभ्यासक होते. संग्रहालय पाहायला आलेल्या लोकांच्या डोक्यांची आणि नाकांची मापे ते उपकरण लावून घेत; काहींना त्याबद्दल पैसेही देत. प्रेक्षकाने वस्तूला हात लावायचा नाही, अधिकाऱ्याने मात्र प्रेक्षकाला हात लावायचा, असा तो काळ होता.

अंध प्रेक्षकांसाठी संग्रहालयाचे कपाट हेतुपूर्वक उघडण्याचा एक आरंभीचा प्रयत्न इंग्लंडमधील संडरलंड या गावी झाला. तेथील संग्रहालयाचे प्रमुख जॉन आल्फ्रेड चार्ल्टन डीस यांनी १९१३ च्या सुमारास अंध मुलांना आणि प्रौढांना बोलावून पेंढा भरलेले प्राणी, सांगाडे, शस्त्रे इत्यादी वस्तू त्यांच्या हाती दिल्या. नंतर मुलांनी हातांना जे कळले ते मातीत घडवून दाखवले. डीस यांची ही कल्पना फार महत्त्वाची होती, कारण मुलाने काय ‘पाहिले’ हे त्याशिवाय कोणालाच कळले नसते.

हातांना काय कळते आणि कसे कळते, हे समजून घेतल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. या विषयात भाबडेपणाने केलेल्या कित्येक योजना येथेच फसतात.

त्वचेला वस्तू टेकली म्हणजे स्पर्शज्ञान झाले, असे नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६२ साली बिस्किटे कापण्याचे लहान साचे घेऊन प्रयोग केले. साचा दुसऱ्याने तळहातावर दाबला तर त्याचा आकार ओळखताना माणसे वारंवार चुकत. तोच साचा स्वतःच्या बोटांनी चाचपू दिला तर जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखीत. ज्ञान होते ते फिरत्या, शोधत्या हाताला. पुढे १९८७ साली सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लॅट्स्की या दोन संशोधिकांनी हे शोधणे कसे चालते त्याची बारकाईने पाहणी केली. पोत जाणून घ्यायचा असेल तर बोट पृष्ठभागावर मागे-पुढे घासले जाते. कठीणपणा अजमावताना ते दाबले जाते. वस्तू थंड की उबदार हे कळण्यासाठी हात नुसता टेकवून स्थिर ठेवला जातो, वजनासाठी वस्तू उचलून धरली जाते, एकंदर आकारासाठी मुठीत किंवा दोन्ही तळव्यांत घेतली जाते, आणि नेमकी रूपरेषा हवी असेल तर बोट कडेकडेने फिरते. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. उंच चौथऱ्यावर घट्ट बसवलेल्या मूर्तीला ‘एकदा हात लावू दिला’ तर यांतील निम्म्या क्रियाही होऊ शकत नाहीत. वजन कळत नाही, दोन्ही तळव्यांत वस्तू मावत नाही, आणि मागे रांग उभी असेल तर कडेकडेने बोट फिरवण्याइतका वेळ मिळत नाही.

डोळा प्रथम सबंध वस्तू पाहतो आणि मग तपशिलाकडे वळतो. हाताचा प्रवास उलट्या दिशेने होतो. त्याला आधी तपशील मिळतात, आणि ते स्मरणात धरून त्यांतून सबंध वस्तू जुळवावी लागते. हे बौद्धिक श्रमाचे काम आहे. म्हणून हाताखाली वस्तू देण्यापूर्वी तिचे एकंदर रूप शब्दांनी सांगणे अत्यंत आवश्यक ठरते. वस्तू केवढी आहे, बसलेली आहे की उभी, तोंड कोणीकडे आहे, हातांनी कोठून आरंभ करावा आणि कोठे कोठे काही मोडलेले आहे, इतके आधी कळले तर बोटे भरकटत नाहीत. आणखी एक निष्कर्ष निघतो. अंध प्रेक्षकाला दोनशे वस्तूंच्या दालनातून फिरवण्यात काहीच हशील नाही. चार वस्तू आणि एक तास, हे प्रमाण त्याला अधिक लाभदायक ठरते. डोळस प्रेक्षकालाही ते लाभदायक ठरेल, पण त्याला तसे सांगणारा कोणी भेटत नाही.

आता एग्मोरच्या संग्रहात शिरू. तेथील वस्तूंकडे ‘हाताला काय सांगता येईल’ या दृष्टीने पाहिले की त्यांचे महत्त्व निराळ्या क्रमाने लागते.

हाताच्या दृष्टीने पहिला मान दगडी हत्यारांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे एक घडीव दगड सापडला आणि भारतात अश्मयुगीन मानव होता ही गोष्ट सिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांनी आणि विल्यम किंग यांनी शहराच्या वायव्येस अत्तिरम्पाक्कम येथे तशीच हत्यारे शोधून काढली. अलीकडे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्थळी केलेल्या उत्खननातून तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचे दाखवून दिले. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. फूट यांचा संग्रह १९०४ साली मद्रासच्या संग्रहालयाने मिळवला. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेली ही हत्यारे डोळस प्रेक्षकाला फारशी आकर्षित करीत नाहीत. पिवळट-तपकिरी रंगाचे, एकसारखे दिसणारे ते दगड. दोन-चार पाहून तो पुढे सरकतो. परंतु हातकुऱ्हाड ही वस्तू मुळात हातासाठी घडवलेली आहे. ती मुठीत घेतली की जाड बूड तळव्यात बसते, निमुळते टोक आपोआप पुढे येते, आणि छिलके उडवून काढलेल्या खळग्यांच्या कडा बोटांना लागतात. धार कोणीकडे आहे हे सांगावे लागत नाही. येथे अंध प्रेक्षकाला दुय्यम ज्ञान मिळते असे म्हणताच येणार नाही. काचेबाहेर उभा असलेला डोळस प्रेक्षकच वंचित राहतो. क्वार्टझाइटचा हा दगड टणक असतो, हाताच्या घामाने त्याचे सहसा काही बिघडत नाही. नोंदवलेले, अभ्यासासाठी महत्त्वाचे नमुने कपाटात ठेवून त्याच प्रकारचे साधे नमुने हाती देणे कोणत्याही संग्रहालयाला जड जाऊ नये.

अमरावतीची शिल्पे अधिक नाजूक आहेत. आंध्रातील त्या स्तूपाचे अवशेष एकोणिसाव्या शतकात मद्रासला आणले गेले. त्यांपैकी काही पुढे लंडनला पाठवले गेले, काही येथे राहिले. त्यांचा पालनाड भागातील चुनखडीचा फिकट दगड हाताचा तेलकटपणा शोषून घेतो आणि काळवंडतो. शिवाय त्यांवरील कथाप्रसंगांत आकृतींची इतकी दाटी असते की बोटांना एकाचा खांदा आणि दुसऱ्याचे गुडघे वेगळे करता येत नाहीत. मात्र याच परंपरेतील जुन्या शिल्पांत बुद्धाची मानवी आकृती नसते. त्याच्या ठिकाणी रिकामे आसन, धर्मचक्र किंवा चक्रांकित पाऊलखुणा असतात. हाताने वाचण्यासाठी याहून सुबोध शिल्प सापडणे कठीण. बोट पावलाच्या कडेने फिरते, मध्यभागी चक्राच्या आऱ्या लागतात, आणि जो तेथे कोरलेला नाही त्याचे सान्निध्य सूचित होते. अशी एखादी शिळा निवडून तिची तशाच चुनखडीत प्रतिकृती घडवता येईल. दक्षिणेत ते काम अवघड नाही. मामल्लपुरम येथे १९५७ साली स्थापन झालेले शिल्पशिक्षणाचे सरकारी महाविद्यालय आहे आणि तेथील पाथरवटांच्या छिन्नीचा आवाज आजही थांबलेला नाही.

खरा पेच धातुमूर्तींपाशी येतो. त्या मूर्ती तांब्याच्या मिश्रधातूच्या आहेत. माणसाच्या घामात मीठ असते. समुद्रकाठच्या दमट हवेतही ते असतेच. मिठातील क्लोराइडामुळे तांब्यावर फिकट हिरवी भुकटी धरते आणि धातू आतून पोखरला जातो. या व्याधीवर उपाय करण्यासाठीच एग्मोरच्या संग्रहालयात १९३० साली रासायनिक प्रयोगशाळा निघाली. एस. परमशिवन यांनी तेथे विजेच्या साहाय्याने मूर्तींवरील गंज उतरवण्याची पद्धत वापरली. ज्या संस्थेने या मूर्ती अशा कष्टाने वाचवल्या तिने त्यांना रोज शेकडो हात लावू द्यावेत, अशी अपेक्षा कोणी करू नये. स्पर्शाने काय होते हे समजण्यासाठी मराठी वाचकाला दूर जाण्याची गरज नाही. पंढरपूरला वारकरी विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवतो. त्या स्पर्शाने मूर्तीची झीज होत आली आणि ती थांबवण्यासाठी वज्रलेप करावा लागला. तेथे पाषाणाची ही गत, तर धातूच्या सडपातळ बोटांची काय कथा?

आणि तरीही हा युक्तिवाद इतक्यावर संपत नाही. या मूर्ती घडल्या त्या न हाताळण्यासाठी नव्हेच. त्या उत्सवमूर्ती होत्या. त्यांना दूध-दह्याचे अभिषेक होत, चंदन चर्चिले जाई, वस्त्रे नेसवली जात. पीठाला ठेवलेल्या कड्यांतून किंवा भोकांतून दांडे घालून त्यांना खांद्यावर मिरवीत नेले जाई. कित्येक मूर्तींचे नाकडोळे या सेवेनेच गुळगुळीत झाले आहेत. हे हात पुजाऱ्याचे होते, सर्वांचे नव्हते, हेही खरे. सामान्य भक्ताच्या वाट्याला दर्शनच येई. संग्रहालयाने देवळातील गाभाऱ्याचा हा नियम नकळत पुढे चालवला आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुजाऱ्याच्या जागी अभिरक्षक आला, आणि तो हातमोजे घालतो, एवढाच फरक.

तेव्हा मूळ धातुमूर्ती काचेआड राहावी आणि हातांसाठी प्रतिकृती असावी, हाच मार्ग उरतो. प्रतिकृती म्हटली की काहीतरी खोटे, बालिश, अशी भावना मनात येते. ती दूर करायला एक उदाहरण पुरे आहे. फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांनी मद्रासच्या संग्रहालयातील नटराजावर १९१३ साली एक निबंध लिहिला; तो त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिरुवालंगाडूच्या त्या मूर्तीची कीर्ती पश्चिमेत पसरली. रोदँ मद्रासला कधी आले नव्हते. त्यांनी पाहिली होती ती मूर्तीची छायाचित्रे. छायाचित्र ही डोळ्यांसाठी केलेली प्रतिकृतीच असते, आणि तीही सपाट. तिच्या आधारे रोदँसारखा शिल्पकार लिहितो तेव्हा आपण त्याला कमअस्सल म्हणत नाही. हातासाठी केलेल्या प्रतिकृतीलाही तोच न्याय लावायला हवा.

अट एवढीच की ती चांगली असावी. रंग दिलेल्या प्लास्टरची किंवा फायबरग्लासची मूर्ती डोळ्याला फसवते, हाताला फसवू शकत नाही. हात टेकताच धातू थंड लागतो, प्लास्टर लागत नाही. टिचकी मारली तर धातू खणखणतो. या बाबतीत तमिळनाडूची परिस्थिती इतर अनेक ठिकाणांपेक्षा भाग्याची आहे. कुंभकोणमजवळील स्वामिमलै येथे स्थपतींची घराणी आजही मधुच्छिष्ट पद्धतीने, म्हणजे मेणाची मूर्ती करून, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप देऊन, मेण वितळवून काढून, त्या पोकळीत धातू ओतून मूर्ती घडवतात. मूळ मूर्ती ज्या रीतीने आणि ज्या जातीच्या धातूत ओतली गेली, त्याच रीतीने तिची प्रतिकृती होऊ शकते. तिच्याबरोबर मेणाची मूर्ती, मातीचा साचा आणि छिन्नी न लागलेली ओबडधोबड ओतीव मूर्ती, असे टप्पे हातांखाली क्रमाने ठेवले तर धातुकामाचा जो पाठ मिळेल तो कोणत्याही फलकावर लिहून देता येणार नाही.

प्रतिकृतीसाठी मूर्ती कोणती निवडावी? बहुतेकांच्या तोंडी नटराजाचे नाव येईल. परंतु हाताच्या दृष्टीने तिरुवेंकाडू येथील अकराव्या शतकातील अर्धनारीश्वर अधिक सांगतो. सुमारे एक मीटर उंचीची ही मूर्ती दोन्ही हातांच्या कवेत येते. तिच्या उजव्या अर्धात शिव आहे, डाव्या अर्धात पार्वती. उजव्या बाजूला दोन भुजा, डाव्या बाजूला एकच. उजवीकडे छाती सपाट, डावीकडे स्तन. उजवीकडे वस्त्र मांडीपाशी संपते, डावीकडे ते घोट्यापर्यंत उतरते. दोन तळवे एकाच वेळी खांद्यांपासून खाली आणले तर एकाला एक शरीर आणि दुसऱ्याला दुसरे शरीर कळते, आणि मध्ये सांधा कोठेच लागत नाही. डोळ्याला ही मूर्ती एका दृष्टिक्षेपात कळल्यासारखी वाटते. तळव्यांना ती कण्याच्या दोन्ही बाजूंनी क्रमाक्रमाने उलगडते. मात्र येथे एक खबरदारी घ्यावी लागते. मूर्तीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात मूर्तीच्या उजव्या अंगावर पडतो. ‘उजवीकडे शिव’ असे ध्वनिफीत सांगत असेल आणि माणसाच्या उजव्या हाताला पार्वती लागत असेल, तर सगळाच घोटाळा होतो. ‘तुमच्या डाव्या हाताखाली’ असे म्हटले की तो मिटतो. संग्रहालयशास्त्राच्या ग्रंथांत अशा गोष्टी क्वचित लिहिल्या जातात. अंध प्रेक्षकासोबत अर्धा तास घालवला की त्या लगेच ध्यानात येतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचे दालन २०१५ साली उघडले, त्यात हाताने पाहण्यासाठी २२ प्रतिकृती मांडल्या गेल्या आणि त्यांना ब्रेल फलकांची जोड दिली गेली. स्वतंत्र दालनामुळे सुरक्षितता आणि सोय दोन्ही साधतात. मुख्य प्रवाहापासून तुटलेपणही त्यातच येते. मित्रमंडळींसह आलेल्या अंध माणसाने त्यांना एका मजल्यावर सोडून आपल्यासाठी राखलेल्या खोलीत जावे, हे संग्रहालयभेटीच्या आनंदाशी विसंगत आहे. मूळ मूर्तीच्या काचेजवळच तिची प्रतिकृती असावी आणि ती सर्वांसाठी खुली असावी, ही व्यवस्था अधिक खर्चाची असली तरी अधिक चांगली. मग डोळस भाऊ काचेतून पाहील, अंध बहीण हाताने पाहील, आणि दोघे एकाच मूर्तीविषयी बोलतील.

ब्रेल फलकांविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे, कारण ब्रेल फलक लावला की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. सहा ठिपक्यांची ही लिपी लुई ब्रेल यांनी १८२९ साली प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी १९५१ साली एकच भारती ब्रेल स्वीकारली गेली, आणि तिच्यात एक गंमत आहे. तमिळ ‘म’ आणि मराठी ‘म’ कागदावर अगदी वेगळे दिसतात, पण भारती ब्रेलमध्ये दोन्हींचे ठिपके तेच आहेत. काही खास तमिळ अक्षरे सोडली तर पुण्याहून चेन्नईला गेलेला अंध प्रवासी तमिळ ब्रेल फलक, अर्थ कळला नाही तरी, उच्चारून वाचू शकेल. त्याच्या डोळस सोबत्याला तमिळ पाटीवरचे एक अक्षरही लागणार नाही. परंतु प्रौढ वयात काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांपैकी फारच थोडे ब्रेल शिकतात. त्यांना सांगणारा आवाज हवा. मग तो यंत्राचा असो की माणसाचा. शिवाय फलक भिंतीवर कोठे आहे हेच कळले नाही तर तो असून नसल्यासारखा. कमरेच्या किंचित वर, वाचणाऱ्याचे मनगट न वळता बोटे टेकतील अशा उतरत्या पाटावर, आणि सर्व दालनांत एकाच ठरलेल्या जागी तो असावा. डोक्याच्या उंचीवर उभा लावलेला ब्रेल फलक केवळ उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभतो.

दृष्टिदोष असलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पूर्णपणे अंध नसतात, हेही विसरले जाते. कोणाला अंधूक दिसते, कोणाला केवळ मधला भाग दिसत नाही, कोणाला नळीतून पाहिल्यासारखे दिसते. त्यांची गरज साधी असते. फलकावरची अक्षरे मोठी आणि ठळक असावीत; करड्या पाटीवर सोनेरी अक्षरे नसावीत. काळसर मूर्तीमागे फिकट भिंत असावी. दिव्याचे प्रतिबिंब काचेत पडून मूर्ती झाकली जाऊ नये. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा वेगळ्या रंगाने दाखवाव्यात. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही, आणि वृद्ध प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला त्यांचा उपयोग होतो.

कायद्याने आता या मागण्यांना आधार मिळाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारात संग्रहालयांचा नावानिशी उल्लेख आहे. भारताने तो २००७ साली मान्य केला. त्याला अनुसरून २०१६ साली झालेल्या कायद्यात कला अपंगांच्या आवाक्यात आणण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. चेन्नईतच, मरीना किनाऱ्यासमोरच्या कामराजर सालैवर, तमिळनाडू शासनाने विद्यासागर या संस्थेच्या सहकार्याने २०२२ साली ‘म्युझियम ऑफ पॉसिबिलिटीज’ उघडले. अपंगांना उपयोगी पडणारी साधने तेथे मांडली आहेत, आणि ती हातात घेऊन, वापरून पाहावीत अशीच अपेक्षा आहे. ते पुरावस्तूंचे संग्रहालय नव्हे, त्यामुळे जतनाचा पेच तेथे उद्भवत नाही. पण संग्रहालयात ‘हात लावून पाहा’ असे म्हणता येते, ही गोष्ट त्या शहराने त्यानिमित्ताने पाहिली आहे.

कायद्यापेक्षाही एक बाब अधिक निर्णायक ठरते: योजना कोण आखतो ही. इटलीतील अँकोना येथे १९९३ साली स्थापन झालेले होमरच्या नावाचे स्पर्शसंग्रहालय आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध पतिपत्नीच्या कल्पनेतून निर्माण झाले. देशोदेशीच्या संग्रहालयांत हात मागे ओढले गेल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यामुळे तेथे मूर्तींच्या उंच भागांपर्यंत हात पोहोचावा म्हणून हलत्या शिड्या आहेत. डोळस आराखडाकाराला मूर्तीचे मस्तक दिसते, म्हणून त्याला शिडी सुचली नसती. एग्मोरमध्ये किंवा मुंबईत, नागपुरात असे दालन करायचे झाल्यास, फलकाचा मजकूर छापण्यापूर्वी आणि प्रतिकृती ओतण्यापूर्वी, ती वापरणाऱ्यांपैकी चार-सहा जणांना मेणाच्या नमुन्यापुढे उभे करावे. कोठे बोटे अडतात, कोठे कंटाळतात, काय समजत नाही, हे ते सांगतील, आणि मेण त्या वेळी अजून मऊ असल्याने दुरुस्ती करता येईल.

पुढे राहतो तो झिजण्याचा प्रश्न, आणि तो प्रतिकृतीलाही चुकत नाही. काही वर्षांत तिच्या गुडघ्यांवर, खांद्यांवर आणि नाकावर हातांची चकाकी येईल, दागिन्यांची नक्षी बोथट होईल. कोणता भाग अधिक चकाकतो हे नोंदवून ठेवणे अभिरक्षकाच्या उपयोगाचे आहे. प्रेक्षकांचे हात कोठे रेंगाळतात ते त्यावरून कळते. नक्षी पार नाहीशी झाली की मूर्ती पुन्हा ओतावी लागेल, आणि त्या खर्चाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी. मधुच्छिष्ट पद्धतीत साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढतात. म्हणून तो खर्च प्रत्येक वेळी नव्याने येतो: स्थपतीला मेणापासून पुन्हा आरंभ करावा लागतो, आणि त्या मेणापुढे बोटे चालवायला त्या चार-सहा जणांना पुन्हा बोलवावे लागते.